विमानं मोजू नकोस, उडणारी मोज

छोट्या हवाई दलांचा अभ्यास सुरू करतोयस, तर आधी क्रोएशिया घे. कागदावरची विमानांची संख्या फसवी असते. एक इंजिन ओव्हरहॉलला (पूर्ण खोलून दुरुस्तीला) गेलं की बारा विमानांच्या ताफ्यात लगेच जाणवतं. २०१८ मध्ये त्यांनी इस्रायलची वापरलेली एफ-१६ लढाऊ विमानं निवडली. इस्रायलने त्यांत केलेल्या बदलांवर मूळ उत्पादक अमेरिकेने हरकत घेतली, आणि २०१९च्या सुरुवातीला व्यवहार मोडला. म्हणून विक्रेत्याआधी परवानगी कोणाच्या हातात आहे ते बघ. २०२१ मध्ये फ्रान्सकडून वापरलेली बारा राफेल घेतली, सुमारे एक अब्ज युरोंना. महाग वाटतात ना? पण त्यात प्रशिक्षण, सुटे भाग, शस्त्रंही आली. (हे मथळ्यांत येत नाही.) पहिली राफेल एप्रिल २०२४ मध्ये उतरली, तोवर जुनी मिग-२१च ओढत न्यावी लागली.