हेडलाइट मंद वाटतात? बल्ब घेण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : राहायला कासारवडवली, गाडी नऊ वर्षांची हॅचबॅक, बल्ब एच-४ हॅलोजन. रात्री माजिवड्याहून घोडबंदर रोडने घरी येताना, विशेषतः पावसात, पुढचं धड दिसत नाही. डाव्या हेडलाइटमध्ये आतून वाफ धरते. गॅरेजवाल्याने दोन पर्याय दिलेत, पांढरे एलईडी बल्ब किंवा १००/९० वॅटचे हॅलोजन (लांबच्या उजेडाला, म्हणजे अप्परला १००, जवळच्या, म्हणजे डिपरला ९०), आणि त्यातलं काय घ्यावं हे तुम्ही विचारताय.

माझ्या मते सध्या दोन्ही नकोत. एवढ्या जुन्या गाडीत बल्ब क्वचितच दोषी असतो. उजेड होतो, पण रस्त्यावर पोचायच्या आधीच कुठेतरी वाया जातो. तो कुठे जातो हे शोधण्यात एक रविवार गेला तरी चालेल. पैसे त्यानंतर खर्च करा.

पहिल्यांदा काच बघा. आपण काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिकच आहे. उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवायला कंपनीने त्यावर एक कठीण थर दिलेला असतो. सोसायटीत उघड्यावर लावलेल्या गाडीचा तो थर काही वर्षांत जातो, मग प्लास्टिक पिवळं आणि धुरकट होतं. अशा काचेतून उजेड कमी जातोच, शिवाय जो जातो तो फुटतो आणि थोडा वरही जातो. म्हणजे तुम्हाला कमी दिसतं आणि समोरच्याच्या डोळ्यांत मात्र जास्त जातं. दिवसा गाडीसमोर बसून आतला रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागचा चकचकीत आरसा बघा. त्याच्या कडा आणि घड्या स्पष्ट दिसत नसतील तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

उपाय साधा आहे, घाई मात्र नको. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावा. ८०० नंबरचा वॉटर पेपर, मग १२००, मग २०००, प्रत्येक वेळी भरपूर पाणी. त्यानंतर पॉलिश आणि शेवटी अतिनीलरोधक क्लिअर कोट. हा शेवटचा टप्पा बहुतेक जण गाळतात. टूथपेस्टने घासलेली काच चमकते खरी, पण संरक्षक थर परत येत नाही, त्यामुळे थोड्याच दिवसांत ती पुन्हा पिवळी पडते. आतल्या रिफ्लेक्टरचीच चांदी काळवंडली किंवा सोलली असेल, तर बाहेरून कितीही घासून फायदा नाही. तो दिवा पूर्ण बदला. आणि रिफ्लेक्टर आतून फडक्याने कधीच पुसू नका, उरलेली चांदीही निघून येते.

दुसरी तपासणी व्होल्टेजची. मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि नेमकी हीच कोणी करत नाही. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ घटत नाही, त्याहून खूप झपाट्याने घटतो. व्होल्टेज दहा टक्के उतरलं तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. इंजिन चालू, दिवे चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर मोजा, साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. मग बल्बच्या होल्डरवर मोजा, बल्ब पेटलेला असतानाच. बॅटरीवर १४ आणि होल्डरवर १२.६ आले, तर तुमचा तीस टक्के उजेड वायरिंगमध्येच संपला.

हे व्होल्टेज जातं कुठे? ५५-६० वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे दहा अँपिअर खेचतात. बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत हा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि बारीक वायरींतून फिरून येतो. स्विचचे पॉइंट जळकटतात, होल्डर काळा पडतो, अर्थिंगच्या (करंट गाडीच्या पत्र्यातून परत जायच्या) बोल्टला गंज चढतो. खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत, मग ते ठाणे असो की ऐरोली-वाशी, हा गंज लवकर धरतो. ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटर मंद होत असेल किंवा भलताच दिवा मिणमिणत असेल, तर त्या दिव्याचं अर्थिंग गेलंय असंच धरा. बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, वर थोडं पेट्रोलियम जेली लावा. एवढं करूनही फरक जास्त राहिला तर चांगल्या वायरमनकडून रिलेचं हार्नेस (रिले म्हणजे थोड्या करंटवर चालणारा मोठा स्विच, हार्नेस म्हणजे वायरींचा तयार जोड) बसवून घ्या. त्यात बॅटरीपासून जाड वायर फ्यूजमार्गे थेट दिव्याला जाते आणि स्विचला फक्त रिले चालू करायचं काम उरतं. मूळ वायर कापायची नाही, कपलरला कपलर जोडायचा. तेच ६०/५५ वॅटचे बल्ब किती वेगळे वाटतात ते तेव्हा कळतं.

तिसरं, बीमचा कोन. बेसमेंट पार्किंगमध्ये सपाट जमीन आणि समोर कोरी भिंत शोधा. टायरमध्ये हवा नेमकी, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस, आणि डॅशबोर्डवर लेव्हलिंगचं (बीम वर-खाली करायचं) चाक असेल तर ते ० वर. हेडलाइटपासून भिंत ५ मीटरवर ठेवा. हेडलाइटच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजून भिंतीवर टेपची आडवी पट्टी लावा आणि डिपर चालू करा. उजेडाची वरची कड त्या पट्टीच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे एक टक्का उतार. काही दिव्यांवर किंवा बॉनेटखाली हा आकडा छापलेला असतो; १.२ टक्के असेल तर ६ सेंटिमीटर धरा. ही कड उजवीकडे सपाट असते आणि डावीकडे तिरकी वर चढते, कारण समोरून येणारा आपल्या उजव्या हाताला असतो आणि पायी चालणारा डाव्या कडेला. दिव्याची उंची ६५ सेंटिमीटर असेल तर एक टक्का उताराने उजेड ६५ मीटर लांब पोचतो. दोन टक्क्यांवर घसरला तर तो बत्तीस-तेहतीस मीटरवरच संपतो. बंपरला धक्का लागून दुरुस्ती झालेल्या गाड्यांत हे हमखास बिघडलेलं असतं.

ते लेव्हलिंगचं चाक वापरायची सवयही लावून घ्या. मागे तिघं आणि डिकीत सामान घेऊन माळशेजला निघालात की गाडीचं नाक वर होतं आणि तुमचा डिपर समोरच्याला अप्पर वाटतो. आकडा वाढवला की बीम खाली येतो.

आता गॅरेजवाल्याचे पर्याय. १००/९० वॅटचा बल्ब अप्परला पाचऐवजी आठ अँपिअरहून जास्त घेतो. मूळ वायर आणि होल्डर त्यासाठी नसतात, होल्डर वितळतो. रिले लावून वायर वाचेल, पण जास्तीच्या उष्णतेने रिफ्लेक्टर आणि प्लास्टिकची काच खराब होते ती होतेच.

एलईडीबाबत माझा विरोध जास्त ठाम आहे. एच-४ बल्बमध्ये दोन तारा असतात आणि डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती वाटी खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून वर काही जात नाही. रिफ्लेक्टर त्या तारेची जागा मिलिमीटरमध्ये धरून बनवलेला असतो. एलईडीचे चिप पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेले असतात, त्यांचा आकार आणि जागा जुळली नाही की उजेड सगळीकडे उधळतो. गाडीपुढचा पट्टा झगझगीत दिसतो, त्यामुळे आपल्याला समाधान वाटतं. पण जवळचं जास्त उजळल्याने डोळे लांबच्या अंधाराला सरावत नाहीत. आणि गायमुखच्या घाटात समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला काही क्षण काहीच दिसत नाही. त्याचा विचार करूनच मी हे लिहितोय. कंपनीकडूनच एलईडी दिवा आलेला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे रिफ्लेक्टर किंवा लेन्स त्याच्यासाठीच घडवलेली असते.

पावसाचं खरं सांगतो. ओला डांबरी रस्ता आरशासारखं वागतो : तुमचा उजेड पुढे निघून जातो, परत तुमच्याकडे येत नाही, आणि समोरच्याचा मात्र घसरत थेट तुमच्यावर येतो. पट्टे बुजतात. यावर कोणत्याही बल्बचा पूर्ण इलाज नाही. पुढची काच आतून साफ करा (आतला तेलकट थर फार त्रास देतो), वायपरचे रबर बदला आणि वेग कमी ठेवा.

डाव्या दिव्यातली वाफ : दिवा अर्धा तास चालू ठेवल्यावर जात असेल तर सोडून द्या, दिव्याला हवेसाठी छिद्रं असतात. तळाला पाणी साचत असेल तर आधी मागचं रबरी बूट, म्हणजे बल्बमागचं झाकण बघा. बल्ब बदलताना ते परत नीट बसवलंच जात नाही, असं खूपदा होतं. पंखेवाले एलईडी लावले की ते बसतच नाही, हे आणखी एक कारण.

मागच्या दिव्यांकडेही बघा. भिंतीकडे पाठ करून गाडी लावली की ब्रेक लाइट आरशात दिसतात, दुसऱ्या माणसाची गरज नाही. एका बाजूचा इंडिकेटर भराभर वाजायला लागला तर बहुधा त्या बाजूचा एक बल्ब गेलाय. पावसात चालत्या गाडीत हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावू नका, तुम्ही लेन बदलताय हे मागच्याला कळत नाही. घरात डीआरएलवाली (दिवसा आपोआप पेटणाऱ्या पुढच्या दिव्यांची) दुसरी गाडी असेल तर हेही लक्षात ठेवा की बहुतेक गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे दिवे लागत नाहीत. डॅशबोर्ड उजळलेला असतो म्हणून कळतही नाही.

शेवटी बल्ब घ्यायचेच ठरले तर नामांकित कंपनीचे ६०/५५ वॅटचे, दोन्ही बाजूंचे एकदम घ्या. काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा, नाहीतर तेलाच्या डागाशी काच जास्त तापून बल्ब लवकर जातो.

काच घासण्याआधीचा एक फोटो, बॅटरी आणि दोन्ही होल्डरवरचं व्होल्टेज, आणि भिंतीवरच्या कडेचं माप इथे टाका. हार्नेस लागेल की नुसत्या अर्थिंगवर भागेल, हे त्या आकड्यांवरून सांगता येईल.