हिरड्यांतून रक्त येणं आणि वाढलेली साखर यांचा काही संबंध असतो का?

हो, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे. घणसोलीतल्या तुमच्या आईंच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येतं, गोळ्या चालू असूनही साखर उतरत नाही, आणि ‘वयाचं आहे’ म्हणून त्या दाखवायचं टाळतात, असं तुम्ही लिहिलंय. कृपया टाळू देऊ नका.

दात आणि हिरडीच्या फटीत जंतूंचा थर साचला की पांढऱ्या पेशी, मुख्यतः न्यूट्रोफिल, धावून येतात. थर हटत नाही, म्हणून त्यांचा मारा थांबत नाही. दाताभोवतीचं हाड झिजतं ते बरंचसं या आपल्याच प्रतिकारामुळे. तिथली इंटरल्यूकिन-६ सारखी सूज वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात, यकृत सीआरपी हे सूज दाखवणारं प्रथिन वाढवतं, इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. उलट वाढलेली साखर हिरड्या भरून येऊ देत नाही. हिरडीखालची खोल सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, साधारण ०.३ ते ०.४ टक्के-अंकांनी उतरलेला दिसतो. हृदयविकाराशीही संबंध आढळतो, पण हिरड्यांमुळेच तो होतो हे सिद्ध झालेलं नाही.

नेरूळच्या डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयात दाखवता येईल. आई मिश्री लावत असतील तर ती आधी बंद करा. तंबाखूमुळे रक्त कमी दिसतं, रोग मात्र आत वाढत राहतो. साखरेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नका.