बायबलमधल्या गोष्टी खऱ्या घडल्या की ती रूपकं आहेत?

महापुरातून तरलेलं नोहाचं तारू, कोसळलेली यरीहोची भिंत, माशाच्या पोटातला योना हे सगळं घडलं होतं की नुसतं रूपक आहे, असं तुम्ही विचारलंय. मी ख्रिस्ती घरातला, या गोष्टी संडे स्कूलमध्ये ऐकतच वाढलो. तरी मी आधी उलट विचारेन: यातली नेमकी कुठली गोष्ट? बायबल म्हणजे एक पुस्तक नव्हे, भरलेलं कपाट आहे. त्यात बखरी आहेत, गाणी आहेत, कायदे, म्हणी, पत्रं आहेत. सगळ्यांना एकच माप कसं लावणार?

बखरीपासून सुरुवात करू. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा (असीरियाचा) राजा सन्हेरीब यहूदा राज्यावर चालून आला. तिथल्या हिज्कीया राजाने त्याला ३०० किक्कार (हे तेव्हाचं वजनाचं माप) चांदी आणि ३० किक्कार सोनं खंडणी दिली, असं बायबलमधल्या 'दुसरे राजे' या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात आहे. सन्हेरीबाने स्वतःची हकिगत मातीच्या ठोकळ्यावर कोरून ठेवली, ती सापडली आहे. तिच्यात सोनं बरोब्बर ३० किक्कार, चांदी मात्र ८००! (खंडणी घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हिशोब कधी जुळतो का?) हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला, अशी फुशारकी तो मारतो, पण त्याची राजधानी यरुशलेम (जेरुसलेम) घेतली असं कुठेच म्हणत नाही. अश्शूरची राजधानी निनवे, तिथल्या राजवाड्यात त्याने यहूदातल्या लाखीश शहराचा पाडाव कोरवून घेतला. ती शिल्पं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. म्हणजे स्वारी खरी, खंडणी खरी. पण देवदूताने एका रात्रीत १,८५,००० अश्शूरी मारले, हे बायबलच सांगतं. ते मानायचं की नाही हे कुदळ-फावड्याने ठरणारं नाही.

यरीहोचं उलट झालं. यहोशवाच्या नेतृत्वाखाली इस्राएली लोकांनी शिंगं फुंकली आणि या शहराची भिंत कोसळली, असं बायबल सांगतं. १९५०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनयन यांनी तिथे खोदलं. त्यांच्या मते ते शहर इ.स.पू. १५५०च्या सुमारास उद्ध्वस्त झालं होतं. यहोशवाचा काळ बरेच अभ्यासक तेराव्या शतकात धरतात. पाडायला तटबंदीच उरली नव्हती म्हणायची. काहीजण अजून वाद घालतात, मला केनयन पटतात.

उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय सलग वाचून बघा. पहिल्यात आधी जनावरं, मग माणूस. दुसऱ्यात आधी माणूस, मग जनावरं. ज्यांनी हे एकत्र शिवलं त्यांना ते दिसलं नसेल? दिसूनही दोन्ही ठेवलं, म्हणजे त्यांना तारीखवार नोंद करायचीच नव्हती, असं मी समजतो.

रूपक ही विज्ञानाला घाबरून काढलेली पळवाटही नव्हे. अब्राहामाची दासी हागार आणि बायको सारा म्हणजे देवाचे दोन करार, असा अर्थ प्रेषित पौलाने बायबलमधल्याच गलतीकरांच्या पत्रात स्वतःच लावलाय. नाथान संदेष्टा दावीद राजाला एका श्रीमंताने हिसकावलेल्या गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो, राजा चिडतो, आणि मग त्याला कळतं की तो श्रीमंत माणूस आपणच. ती मेंढी खरी होती का, असं कोणी विचारत नाही.

योनाचं पुस्तक मी त्याच रांगेत ठेवतो. योना ज्यांना इशारा द्यायला जातो त्या निनवेत पश्चात्ताप म्हणून माणसांबरोबर गुराढोरांनाही गोणपाट नेसवून उपास घडवलाय. लिहिणारा गालातल्या गालात हसत असणार. माझ्या मावशीला हे अजिबात मान्य नाही. तिच्या लेखी मासाही खरा आणि गोणपाटही खरं.