दारू सोडायला ए.ए.च्या मिटिंगला जायचंय पण ओळखीचं कोणी भेटलं तर? तिथे नेमकं काय होतं?

तुम्ही लिहिलंय की रोज संध्याकाळी क्वार्टर लागतेच, बायकोला दोनदा शब्द देऊन मोडला, आता ए.ए.ला, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाला जावंसं वाटतंय पण गाव लहान आहे, कोणी ओळखीचं दिसलं तर काय, आणि देवबिव मानत नाही मग चालेल का. याच भीतीपायी मी दीड वर्ष गेलो नाही म्हणून उत्तर देतोय. आता साडेसहा वर्षं झाली, घेतलेली नाही.

आधी एक सांगतो, बाकी काही नाही वाचलंत तरी हे वाचा. रोज पिणाऱ्याने उद्यापासून एकदम बंद असं घरच्या घरी करू नये. हात थरथरणं, घाम, झोप उडणं हे तर होतंच, पण काही जणांना पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येते, भास व्हायला लागतात, आणि त्यात माणूस दगावू शकतो. आधी मानसोपचाराचा डॉक्टर नाहीतर सिव्हिल हॉस्पिटल गाठा आणि किती पिता ते खरं सांगा, अर्धं करून सांगू नका, गोळ्यांचा डोस त्यावरच ठरतो. आणि बायकोला सांगून ठेवा, ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींची पावडर जेवणात घालायची नाही. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वरून तुम्ही प्यायलात तर बीपी पडून जीवावर बेतू शकतं. ते औषध डॉक्टरच्या हाताखाली, पेशंटला सांगूनच द्यायचं असतं.

आता ग्रुप कसा शोधायचा. नेटवर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस आणि तुमच्या जिल्ह्याचं नाव टाका, हेल्पलाइनचा नंबर मिळेल, फोन उचलणारा बहुतेक वेळा स्वतः दारूतून बाहेर पडलेला असतो त्यामुळे पहिल्या दोन वाक्यांतच त्याला कळतं. नाहीच सापडलं तर सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे १४४४६, फुकट आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र तर माहीत असेलच, १९८६ पासून चालू आहे, तिथूनही तुमच्या भागाची माहिती मिळू शकते. जवळपास काहीच नसेल तर ऑनलाइन मिटिंगा असतात, पण झेपत असेल तर पहिली समोरासमोरचीच करा असं माझं ठाम मत आहे.

फोन करायची लाज वाटते हे मला माहितीय. पण ए.ए. सुरूच एका फोनवरून झालंय. १९३५ साली न्यूयॉर्कचा बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस अ‍ॅक्रन गावात कामाला आला, काम फिसकटलं, हॉटेलात बारचा आवाज ऐकू येतोय आणि प्यायची तलफ आलीय, तर त्याने चर्चच्या लोकांना फोन लावून विचारलं की इथे माझ्यासारखा कोणी दारुडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून भेटले तिथलेच पिणारे डॉक्टर बॉब. ते म्हणाले पंधरा मिनिटं देतो, आणि बसले कितीतरी तास. आजही मिटिंग म्हणजे मुळात तेवढंच आहे, एक पिणारा दुसऱ्याशी बोलतोय.

माझी पहिली मिटिंग म्युनिसिपालिटीच्या शाळेत होती, तिसरीचा वर्ग, फळ्यावर सातचा पाढा तसाच राहिलेला. बाकं पोरांची, त्यामुळे गुडघे अडकत होते. मी मागे दाराजवळ बसलो. प्रार्थना झाली, मग एकेक जण उठून नाव सांगून ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणायचा आणि स्वतःचं बोलायचा. मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. माझी पाळी आली तेव्हा मी नुसतं ‘आज ऐकतो’ म्हणालो, चाललं. फी नाही, शेवटी डबा फिरतो, नवीन माणसाने टाकलं नाही तरी कोणी बघत नाही. मग चहा आला. वाटणाऱ्या काकांनी सगळ्यांना कप भरून दिला आणि मला अर्धाच. मला आधी वाईट वाटलं, मग कप हातात घेतला तेव्हा हात हलायला लागले आणि कळलं की भरलेला असता तर सांडला असता. ते काही बोलले नाहीत, पुढे गेले. मला त्या दिवशी परत यावंसं वाटलं ते त्या अर्ध्या कपामुळे.

ओळखीचं कोणी भेटलं तर? मला भेटलं, आमच्याच आळीतले किराणा दुकानवाले. मी पाहून थिजलो, ते उठून आले आणि शेजारी बसले. ते काय तिथे वाणसामान द्यायला आले नव्हते, माझ्यासारखेच आले होते. आजपर्यंत गल्लीत कुणाला काही कळलेलं नाही. फक्त ओपन मिटिंगला बाहेरचे लोक, घरचे येऊ शकतात, म्हणून तुम्ही सुरुवातीला क्लोज्ड, म्हणजे फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची मिटिंगच विचारा. आणि खरं सांगू, संध्याकाळी आपण कसे घरी येतो ते आळीला आधीच माहीत असतं हो.

देवाचं म्हणाल तर ए.ए.च्या दारू सोडायच्या बारा पायऱ्यांमध्ये तो शब्द आहे, पण ‘आपल्याला उमगला तसा’ असं म्हटलंय. मीही मानत नाही. माझ्यापुरतं मी त्या खोलीत बसलेल्या लोकांनाच ती मोठी शक्ती धरलंय, आजवर कोणी हरकत घेतली नाही.

अजून एक, मिटिंग संध्याकाळची असते ते मला फार उपयोगी पडलं. साडेसात ते नऊ हाच माझा बाटलीचा टाइम होता, तो तिथे जायचा. पहिले तीन महिने रोज जाता आलं तर रोज जा, एक ग्रुप जमला नाही तर दुसरा बघा, माणसं वेगळी असतात. वहिनींसाठीही अल-अ‍ॅनॉन म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा असाच गट आहे, तुम्ही गेलात न गेलात तरी त्यांना जाऊ द्या, त्यांनीही खूप सोसलंय.

आणि जायच्या दिवशी चुकून घेतली गेली तर ‘आता कशाला’ म्हणून घरी बसू नका. गाडी चालवू नका, रिक्षाने जा, मागच्या बाकावर गप्प बसा. कोणी बाहेर काढणार नाही.