वरचं पाणी फेकू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फ्लास्कचे तीन फोटो पाहिले. सकाळी फिकट पिवळं, दुपारी कोऱ्या चहासारखं, रात्री काळपट विटकरी. खाली तू लिहिलंयस, "सर, झालं!" फोनवर बोललो असतो, पण फोनवर तू प्रत्येक वाक्याला "हो सर" म्हणतेस आणि मला काय पोचलं ते कळत नाही. म्हणून हे पत्र.

पहिल्यांदा अभिनंदन. गुळवेलीच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट ओतल्यावर रंग चढताना पाहणं ही मजाच आहे, इतक्या वर्षांनंतरही मी त्या वेळी खुर्ची सोडत नाही. अर्कातली पॉलिफिनॉल, शर्करा वगैरे मंडळी चांदीच्या आयनाला इलेक्ट्रॉन देतात, आयनाचा अणू होतो, अणू एकत्र येऊन चांदीचे अतिसूक्ष्म नॅनोकण होतात आणि अर्कातलेच काही रेणू त्या कणांना चिकटून त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतात. कणांतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर डोलतात आणि ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश गिळतात. उरलेला आपल्याला पिवळा-तपकिरी दिसतो. सोन्याचे कण ५२०च्या आसपास गिळतात, म्हणून ते माणकासारखे लाल. फॅरडेनं १८५७ साली या लाल सोन्यावर रॉयल सोसायटीत व्याख्यान दिलं होतं, तेव्हा 'नॅनो' हा शब्द कुणाच्या गावी नव्हता.

झाडाच्या अर्कातून हे कण करायच्या कामाचा एक मोठा धागा आपल्या पुण्यातलाच आहे, हे तुझ्या प्रस्तावनेत नव्हतं म्हणून सांगतो. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटानं २००३ साली जिरेनियमच्या पानांतून चांदीचे कण केले. २००४ मध्ये कडुनिंबाच्या पानांतून चांदी आणि सोनं दोन्ही, आणि त्याच वर्षी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोण. आपण पावसाळ्यात आल्याबरोबर उकळतो तोच गवती चहा. ते मूळ लेख काढून वाच. दहा जणांनी त्यांच्याविषयी लिहिलेलं वाचून चालणार नाही.

पण त्याला आता वीस वर्षं उलटली. तेव्हा "हे जमतं का?" हा प्रश्न होता. आज तो उरलेला नाही. कांद्याच्या सालीनं जमतं, केळीच्या सालीनं जमतं, गाळणीत उरलेल्या चहाच्या चोथ्यानंही जमतं. "या झाडापासून आजवर कुणी केले नव्हते" एवढ्या भांडवलावर उभा केलेला प्रबंध मला परीक्षक म्हणून वाचायला आला, की मी चहा मागवतो आणि पानं उलटतो. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

तुझ्या मेलमध्ये खरं महत्त्वाचं वाक्य फोटोंच्या खाली होतं: ई. कोलाय जिवाणूंच्या प्लेटवर १६ मिलिमीटरचा झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेलं वर्तुळ, आला. हा झोन कुणी पाडला? पानानं, कणानं, की न वापरल्या गेलेल्या सिल्व्हर नायट्रेटनं?

माझीच गोष्ट सांगतो. नोकरीची सुरुवातीची वर्षं. आम्ही जांभळाच्या पानांचा अर्क घेतला होता. झोन असा सुंदर आला की आम्ही पोस्टर छापलं, त्यावर जांभळाचं रंगीत चित्रसुद्धा टाकलं. बाहेरून आलेले एक वयस्कर प्राध्यापक पोस्टरपुढे उभे राहिले, चष्मा कपाळावर सरकवला आणि एवढंच विचारलं, "नुसत्या सिल्व्हर नायट्रेटचा झोन किती?" आम्ही तो लावलाच नव्हता. पुढच्या आठवड्यात लावला. दोन्ही झोन अगदी भाऊ-भाऊ. पोस्टर अजून माझ्या कपाटावर गुंडाळून ठेवलंय, कधी आलीस तर दाखवीन.

आता हिशेब कर. तू एक मिलिमोलर द्रावण घेतलंस, म्हणजे लिटरला १०८ मिलिग्रॅम चांदी, मिलिलिटरला १०८ मायक्रोग्रॅम. नऊ भाग द्रावणात एक भाग अर्क घातलास, तर साधारण ९७. त्यातली पाच टक्केच चांदी आयन म्हणून मागे राहिली असं धर. मिलिलिटरला जवळजवळ पाच मायक्रोग्रॅम झाली. बऱ्याच जिवाणूंचा कारभार आटपायला चांदीच्या आयनांचे काही मायक्रोग्रॅम पुरतात. म्हणजे फ्लास्क कितीही काळाभोर झाला, तरी त्या पाच टक्क्यांनी तुझा झोन पाडलेला असू शकतो, आणि श्रेय कणाच्या नावावर जमा.

म्हणून सेंट्रीफ्यूजमध्ये गरगर फिरवून कण तळाशी बसले, की वरचं पाणी बेसिनमध्ये ओतू नकोस. सगळे तिथेच चुकतात. ते पाणी बाटलीत ठेव, बाटलीला फॉइल गुंडाळ. त्यातलं थोडं काचेच्या नळीत घे, नळी काळ्या कागदासमोर धर आणि सोडियम क्लोराइडच्या पातळ द्रावणाचा एक थेंब सोड. ताकाच्या निवळीसारखा पांढुरका ढग खाली उतरला, तर चांदी शिल्लक आहे. ही कच्ची चाचणी, रंगीत अर्कात फसवूही शकते. पक्का आकडा आयसीपी या धातू मोजणाऱ्या यंत्रातूनच येईल, पण त्याचा नंबर लागेपर्यंत दोन महिने जातील आणि मिठाचा थेंब आज संध्याकाळी पडेल. खाली बसलेले कण डिस्टिल्ड पाण्यात मिसळून परत फिरव. असं निदान तीनदा, आणि प्रत्येक वेळचं पाणी वेगळं तपास. धुता धुता द्रावण राखाडी झालं तर कण गोळा होऊन बसले, असं समज. तेही वहीत लिही, लपवू नकोस.

मग प्लेटवर काय काय लावायचं? नुसता अर्क. नुसतं सिल्व्हर नायट्रेट, तेवढ्याच चांदीचं. धुतलेले कण. आणि ते वरचं पाणी. हे वरचं पाणी लावलेलं मी फार थोड्या वह्यांत पाहिलं आहे.

झोनच्या मिलिमीटरवर फार जीव लावू नकोस. आगर म्हणजे जाळीदार जेली. आयन त्यातून सहज पसरतो, कण द्रावण घातलेल्या खड्ड्याच्या काठाशीच अडकतो. त्यामुळे मोठा झोन म्हणजे चांगला कण असं नसतं, उलट आयन जास्त सुटताहेत असाही अर्थ निघतो. एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारं कमीत कमी प्रमाण, काढ, तेही द्रवात. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या गटानं २०१२ मध्ये ऑक्सिजन पूर्ण वगळून चांदीचे कण जिवाणूंवर लावले, तेव्हा कणांनी जवळपास काहीच केलं नाही. ऑक्सिजन नसेल तर चांदी विरघळत नाही, आयन सुटत नाहीत. म्हणजे कण हा बऱ्याच अंशी आयनांची कोठी असतो. यात कमीपणा काही नाही, जखमेवर हळूहळू आयन सोडणारी कोठी उपयोगाचीच. फक्त आपण कोठीवर काम करतोय हे माहीत असावं.

एक्सआरडीचा, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या चाचणीचा, आलेखही पाहिला. ३८, ४४, ६४ आणि ७७ अंशांजवळची शिखरं चांदीची, ठीक. ३२ अंशांजवळच्या शिखरावर तू फुली मारून "अर्कातील सेंद्रिय पदार्थ" असं लिहिलंयस. बहुतेक ते सिल्व्हर क्लोराइड आहे. क्लोराइड पानातही असतं आणि नळाच्या पाण्यात तर असतंच. मला सांग, पानं शेवटी कशानं धुतलीस?

आता 'औषधी' या शब्दाकडे. तुझ्या शीर्षकात तो दोनदा आलाय, एकदाच ठेव, तोही शेवटी. प्लेटवर कर्करोगाच्या पेशी मारणं अवघड नाही, ब्लीचही मारतं. शेजारी निरोगी पेशी लावल्याशिवाय त्या आकड्याला किंमत नाही. एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी एका पिवळ्या रंगाला जांभळा करतात त्यावरून त्या मोजायची चाचणी, करताना पेशी न घातलेल्या खड्ड्यातही कण आणि अर्क घालून बघ. पॉलिफिनॉल स्वतःच त्या पिवळ्या रंगाला जांभळा करतात आणि मेलेल्या पेशी कागदावर जिवंत दिसतात.

चांदी औषधात आहेच. भाजलेल्या जखमेवर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम घरोघरी माहीत आहे. पण तीच चांदी वर्षानुवर्षं पोटात घेतली तर कातडी निळसर-राखाडी होते आणि तशीच राहते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं १९९९ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या कोलॉइडल सिल्व्हरच्या, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या चांदीच्या कणांच्या, औषधांना सुरक्षित आणि गुणकारी मानायला नकार दिला. "झाडापासून केलंय म्हणून निर्धोक" हे वाक्य तर खोडच. तुझ्या गुळवेलीचंच बघ. करोनाच्या काळात लोकांनी ती काढा करकरून प्यायली आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. त्यावरून वादही झाला, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असेल असंही म्हटलं गेलं. म्हणून कुंपणावरून तोडलेल्या वेलीवर विसंबू नकोस. फांदी पानाफुलांसह दाबून वाळव, पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणात किंवा मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये ओळख पटवून नमुन्याचा क्रमांक घे. तोडल्याची तारीखही लिही, श्रावणातलं आणि वैशाखातलं पान सारखं नसतं. पेटंटचं मनात असेल तर चेन्नईच्या जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाच.

आणि भस्मांचा परिच्छेद. "आपल्या पूर्वजांना नॅनो ठाऊक होतं" हे काढून टाक. त्याऐवजी रसशास्त्रातल्या भस्माच्या कसोट्या लिही: वारितर, म्हणजे पाण्यावर तरंगणारं. रेखापूर्ण, बोटांच्या रेषांत शिरणारं. निश्चंद्र, चकाकी नसलेलं. अपुनर्भव, पुन्हा धातू न होणारं. त्या लोकांनी रंग बदलला एवढ्यावर काम संपवलं नाही, ही गोष्ट मला त्यांच्याबद्दल जास्त सांगते.

शनिवारी अकराला ये. वही आण, पानं धुतलेल्या पाण्याची बाटली आण आणि पहिल्या फेरीचं वरचं पाणी अजून फेकलं नसशील तर तेही. मीठ आणि काळा कागद माझ्याकडे आहे.

तुझा,
सर

ता. क. बोटांवर पडलेले काळे डाग साबणानं जायचे नाहीत, आठवडाभरात आपोआप जातील. पुढच्या वेळी हातमोजे घाल.