पाकीट परत का आले?

प्रश्न : मी पुण्याला नोकरी करते. आई (वय ७४) फोंडा तालुक्यात आमच्या जुन्या घरात एकटीच असते. बँकेचे काही कागद सहीसाठी तिला पाठवले, तर पाकीट 'अपुरा पत्ता' असा लाल शेरा घेऊन माझ्याकडेच परत आले. तिचे नाव, गाव, फोंडा, गोवा एवढे मी लिहिले होते. शिवाय जागेच्या वादात समोरच्या वकिलाची नोटीस येणार असे ऐकू येते. शेजारी आईला सांगतात, "पोस्टमनने आणली तर घेऊच नका. घेतली नाही म्हणजे पोचली नाही." काय करावे?

उत्तर : ताई, आधी नोटिशीचे बोलतो, कारण नुकसान तिथे मोठे आहे. शेजाऱ्यांचा हा सल्ला आईने मुळीच ऐकू नये. बरोबर पत्ता घालून, पुरते पैसे भरून रजिस्टर केलेले पत्र पोचले असे कायदा गृहीत धरतो. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे २७वे कलम त्यासाठीच आहे. 'घेण्यास नकार' किंवा 'घर बंद' असा शेरा पडून नोटीस परत गेली, तरी ती बजावली गेली असेच धरता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली चेक न वटल्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. मग ती खरोखर आपल्यापर्यंत आली नव्हती हे दाखवण्याचा भार आपल्यावर येतो.

मी टपाल खात्यात चौतीस वर्षे काढली, शेवटची अकरा उपपोस्टमास्तर म्हणून. एका गावात एका वयस्क मुंडकाराने, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या कुळाने, भाटकाराकडून (जमीनमालकाकडून) आलेले पाकीट असेच फिरवले होते. काही महिन्यांनी ते काउंटरवर आले आणि म्हणाले, "मास्तर, ते पत्र आता मिळेल का?" त्यांच्या गैरहजेरीत निकाल एकतर्फी लागला होता. पत्र तर केव्हाच पाठवणाऱ्याकडे परत गेले होते. त्यांच्या हाती देण्यासारखे माझ्याकडे काहीच नव्हते. ते बाकावर बराच वेळ बसून राहिले, ते मला अजून दिसतात. म्हणून कळकळीने सांगतो, आईने पाकीट घ्यावे, सही करावी, घेतल्याची तारीख पाकिटावरच लिहून ठेवावी आणि त्याच दिवशी तुम्हाला फोन करावा. पाकीट घेतले म्हणजे आतला मजकूर मान्य केला असे होत नाही. उत्तर द्यायला वेळ तेवढा हाताशी राहतो.

पोस्टमन आला तेव्हा आई देवळात गेली असेल, तर तो सूचनेची चिठ्ठी ठेवतो आणि पत्र पोस्टात सात दिवस थांबते. तेवढ्यात ओळखपत्र घेऊन गेले की मिळते. चालवत नसेल तर आईने पोस्टमास्तरांच्या नावे साध्या कागदावर, 'माझे टपाल अमुक व्यक्तीकडे द्यावे' असे लिहून सही करून द्यावे. एरवी घरात माणूस नसलेल्या कितीतरी लोकांची पत्रे या एका कागदाअभावी परत जातात. आपल्या गोव्यात निम्मे घर आखातात किंवा बोटीवर असते, तेव्हा हे प्रत्येकाने करून ठेवावे असे मला वाटते.

आता तुमचे बँकेचे कागद. २०२५ सालापासून देशांतर्गत रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात मिसळले आहे. त्यामुळे नुसते स्पीड पोस्ट केले तर ते त्या पत्त्यावर जो भेटेल त्याच्या हाती जाऊ शकते. ते आईच्याच किंवा तिने नेमलेल्या माणसाच्या हाती पडायला हवे असेल, तर काउंटरवर 'रजिस्ट्रेशन जोडा' असे तोंडाने सांगा. त्याचे पाच रुपये आणि वर जीएसटी पडतो.

पत्त्यात तुमचे काय राहिले ते सांगतो. वाडा (गावातली वस्ती) राहिला, पंचायतीचा घर नंबर राहिला, पोस्टाचे नाव राहिले, पिनकोड राहिला. देऊळवाडा, वरचा वाडा या नावांचे वाडे आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि एकाच आडनावाची घरे एका वाड्यावर दहा असतात. जुना पोस्टमन आवाजावरून घर ओळखायचा. नवा मुलगा परगावचा असतो, तो पदेराला (पाववाल्याला) नाहीतर पसरकाराला (दुकानदाराला) विचारत फिरतो. त्याच्यासाठी 'अमुक देवळाच्या तळ्यामागे' एवढी एक ओळ जास्त लिहा, आणि आईचा फोन नंबरही. गाव आणि पोस्ट वेगळे असू शकते, ते आईला विचारून घ्या. रोमन लिपीत लिहायचे तर गोव्यात रूढ असलेले स्पेलिंगच वापरा. केपे 'क्यू'ने सुरू होते, डिचोली 'बी'ने. पुण्याच्या माणसाने उच्चारावरून लिहिले की गोंधळ होतो.

पिन मात्र कधीच गाळू नका. संस्कृतचे पंडित असलेले टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही पद्धत बसवली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. सहा आकड्यांतले पहिले तीन पाकीट कुठल्या जिल्ह्याच्या छाटणीत जाणार ते सांगतात, उरलेले तीन कुठल्या पोस्टातून वाटले जाणार ते. गोव्याचे ४०३. पणजी ४०३००१, फोंडा शहर ४०३४०१. तुमच्या गावाचा वेगळा असेल, तोच हवा. फोंड्याचा घातला तर पाकीट आधी फोंड्याला जाईल.

आणि जून ते सप्टेंबर शाईच्या किंवा जेल पेनाने पत्ता लिहू नका. बॉलपेन वापरा. पावसात पोस्टमनच्या पिशवीतून निघालेली, नुसता निळा डाग उरलेली पाकिटे मी पुष्कळ पाहिली आहेत.

प्रश्न : बंगळूरच्या भावाला राखीच्या पाकिटात थोडी सोलां (आमसुले) आणि पाचशेची नोट घालून पाच रुपयांचे तिकीट लावले. त्याच्याकडून पोस्टाने वर पैसे घेतले. असे का? (म्हापशाची एक वाचक)

उत्तर : बाय, साध्या पत्राला पाच रुपये फक्त वीस ग्रॅमपर्यंत. पुढच्या प्रत्येक वीस ग्रॅमला आणखी पाच. तिकीट कमी पडले की पाकीट बैरंग होते आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल होतात. नोट साध्या पाकिटात घालायची नसते, ती मनीऑर्डरने पाठवा. सोलां ओलसर असतात, त्यांचा लाल रस इतरांच्या पत्रांना लागतो. ती प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून खोक्यातून पार्सलने पाठवा. त्याच खोक्यात फेणीची बाटली ठेवायचा विचार असेल तर ठेवू नका, दारू आणि पेट घेणारे काहीही टपालाने जात नाही. राखीच्या पाकिटाला टाचणी किंवा स्टेपलर न मारता कडेने डिंक लावा, छाटणी करणाऱ्यांच्या बोटांत त्या घुसतात.