कोकमाचा बर्फ दगड होतोय? साखर बघ

अगं, कोकम सरबत गोठवताना तू साखरेला हात आखडलास, म्हणून तुझी बर्फाची कांडी दगडासारखी झाली. साखर नुसती गोडीपुरती नसते. तिच्यामुळे सगळं पाणी एकदम गोठत नाही आणि बर्फ दाताखाली भुसभुशीत लागतो. ४ वाट्या कोकम सरबताला १ वाटी साखर धर. चाखताना जरा जास्तच गोड वाटायला हवं, कारण गारठलेल्या जिभेला गोडी कमी कळते. पण साखर ओतत सुटलीस तर रात्रभर ठेवूनही लगदाच राहील, तो माझा पहिला पराक्रम.

चौपाटीवरच्या गोळ्याची गोष्ट वेगळी. तिथे साधा बर्फ किसून वरून सरबत ओततात. घरी किसणी नसेल तर सरबत पसरट स्टीलच्या डब्यात दोन बोटं उंचीपर्यंत भर. तासाभराने कडेला पापडी धरते. ती काट्याने खरवडून मध्ये ढकल. मग दर अर्ध्या तासाने तेच, तीन-चार तास. चिमूटभर सैंधव आणि भाजलं जिरं आधीच घाल.

आणि झाकण घट्ट लाव गं! शेजारी सुरमई असेल तर बर्फालाही तिचाच वास.